पुहोल्सला जाऊ द्यावे का?

२८ ऑक्टोबर २०११ च्या रात्री सेंट लुइसच्या कार्डिनल्स संघाने वर्ल्ड सीरिज जिंकली. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलचे हे अजिंक्यपद. त्यानंतर ४१ दिवसांनी, ८ डिसेंबरला, बातमी आली की संघाचा सर्वांत मोठा फलंदाज अल्बर्ट पुहोल्स कॅलिफोर्नियातल्या एंजल्स संघाकडे चालला आहे. करार १० वर्षांचा आणि २४ कोटी डॉलरचा. पुहोल्स तेव्हा ३१ वर्षांचा होता, जानेवारीत ३२ चा होणार होता. कराराच्या शेवटच्या मोसमात तो ४१ चा असेल, हे कुणालाही बोटांवर मोजता येत होते.

मी त्या काळी सेंट लुइसमध्ये राहत होते. व्यवसायाने मी ॲक्चुअरी, म्हणजे विमागणिती. माणूस सरासरी किती वर्षे जगेल, किती वर्षे कामाचा राहील याची कोष्टके मांडायची आणि त्यावरून आज किती पैसे घ्यावेत ते सांगायचे, हा आमचा धंदा. त्या डिसेंबरात ऑफिसच्या कँटीनमध्ये जो वाद पेटला, तो त्यामुळे जरा वेगळ्याच थाटाचा होता. भावना कोणत्याही शहरवासीयाच्या, पण हातात हत्यारे विमागणिताची. एका बाजूचे म्हणणे, ज्याने ११ वर्षे संघ खांद्यावर वाहिला त्याला असे जाऊ देणे हा कृतघ्नपणा आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, बरे झाले, त्याचे म्हातारपण आता दुसऱ्याच्या घरी जाईल. तो दहा वर्षांचा करार आता संपला आहे, पुहोल्स निवृत्त झाला आहे, सगळे आकडे समोर आहेत. तेव्हा हा हिशेब शांतपणे मांडता येईल. माझे मत आधीच सांगून टाकते. पुहोल्सचे जाणे संघाच्या पथ्यावर पडले, पण त्याचे श्रेय संघाच्या शहाणपणाला फारसे देता येत नाही. आणि ‘ठेवावे की सोडावे’ ह्या प्रश्नाच्या मांडणीतच थोडी गफलत आहे.

पुहोल्स कोण, हे आधी सांगायला हवे. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सांतो डोमिंगोत १९८० साली जन्मलेला हा मुलगा किशोरवयात अमेरिकेत आला. १९९९ च्या भरतीत सगळ्या संघांनी मिळून ४०१ तरुण निवडून झाले, तेव्हा कुठे ४०२ वा म्हणून कार्डिनल्सनी त्याचे नाव घेतले. २००१ मध्ये तो मुख्य संघात आला आणि त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला. पुढे २००५, २००८ आणि २००९ असा तीनदा तो आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. ११ मोसमांत ४४५ होमरन आणि .३२८ ची सरासरी. होमरन म्हणजे काय ते क्रिकेटच्या वाचकाला सांगायला नको, सिक्सरच तो. सरासरीचे मात्र सांगते. फलंदाज मैदानात चेंडू मारून स्वतःच्या बळावर तळ गाठतो की बाद होतो, याचे हे प्रमाण. हजारात ३०० वेळा तळ गाठला तरी तो उत्तम फलंदाज समजला जातो. ११ वर्षे सलग ३२८ म्हणजे शतकातून मोजक्यांच्या वाट्याला येणारी गोष्ट.

सेंट लुइसचा जुना देव स्टॅन म्यूझिअल. त्याला लोक ‘द मॅन’ म्हणत. कुणीतरी पुहोल्सला त्याचेच स्पॅनिश रूप बहाल केले, ‘एल ओम्ब्रे’. पुहोल्सने ते नाकारले. ह्या गावात ‘द मॅन’ एकच आहे, अशी त्याची भूमिका होती. गाव त्याच्यावर का जीव टाकत होते, हे एवढ्यावरून कळावे. २०११ च्या वर्ल्ड सीरिजमधल्या तिसऱ्या सामन्यात त्याने तीन होमरन मारले. असे त्याआधी फक्त बेब रूथ आणि रेजी जॅक्सन यांनाच साधले होते. अशा माणसाला महिन्या-दीड महिन्यात गमावायचे!

आमच्या मराठी मित्रमंडळात ह्या वादाला एक जोडवादही होता. त्याच हिवाळ्यात सचिन तेंडुलकर शंभराव्या आंतरराष्ट्रीय शतकाच्या उंबऱ्यावर अडकला होता. ९९ वे शतक मार्च २०११ मध्ये नागपूरला झाले होते, नोव्हेंबरात वानखेडेवर तो ९४ वर बाद झाला, आणि शंभरावे शेवटी मार्च २०१२ मध्ये ढाक्याला लागले. शनिवारी रात्री कुणाच्या घरी जेवायला जमलो की अर्धा वेळ सचिनने थांबावे का आणि अर्धा वेळ पुहोल्सला थांबवावे का, यात जाई. ऐकायला दोन्ही प्रश्न सारखे वाटतात, पण तसे ते नाहीत. निवड समितीला पुढच्या मालिकेपुरता निर्णय घ्यायचा असतो. चुकला तर तीन महिन्यांत दुरुस्त करता येतो. बेसबॉलचा संघ मात्र आज सही करतो आणि दहा वर्षांनंतरच्या शरीराचे पैसे आजच कबूल करतो. खेळाडू जायबंदी झाला, सूर हरवला, संघातून काढून टाकला, तरी कराराची रक्कम पूर्ण द्यावी लागते. हे जवळजवळ वर्षासन विकण्यासारखे आहे. म्हणून तर आमच्यासारख्यांना त्यात एवढा रस.

२०११ चा पुहोल्स खरोखर उतरणीला लागला होता का? वर्ल्ड सीरिजच्या धुंदीत हा प्रश्न विचारणे अरसिकपणाचे होते, पण आकडे उघड्यावर होते. २००८ ची सरासरी .३५७, २००९ ची .३२७, २०१० ची .३१२, २०११ ची .२९९. कारकिर्दीत प्रथमच तो .३०० च्या खाली आला होता. पण मला याहून बोलका वाटला तो दुसराच आकडा. बेसबॉलमध्ये फेकणाऱ्याचे चार चेंडू नेमून दिलेल्या चौकटीबाहेर पडले आणि फलंदाजाने ते सोडून दिले, तर त्याला पहिला तळ फुकट मिळतो. याला वॉक म्हणतात. कोणता चेंडू सोडायचा हे कळणे ही तिथेही मोठी कला आहे; सुनील गावसकर ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडताना ज्यांनी पाहिले त्यांना ते वेगळे सांगायला नको. पुहोल्सला २००९ मध्ये ११५ वॉक मिळाले, २०१० मध्ये १०३, आणि २०११ मध्ये फक्त ६१. पूर्वी जे चेंडू तो सोडत होता, त्यांच्यावर तो आता बॅट फिरवू लागला होता.

याचे कारण शरीरात आहे. चेंडू फेकण्याची जागा आणि फलंदाज यांत १८.४४ मीटर अंतर असते, आणि ताशी दीडशे किलोमीटरने आलेला चेंडू ते सुमारे ०.४ सेकंदात कापतो. बॅट फिरवायलाच त्यातला मोठा हिस्सा लागतो. म्हणजे पाहणे, ओळखणे आणि ठरवणे यासाठी डोळ्याची पापणी लवण्याइतकाही अवकाश धड उरत नाही. वयाने बॅटचा वेग किंचित मंदावला की फलंदाजाला आधी सुरुवात करावी लागते. आधी सुरुवात करायची म्हणजे चेंडू नीट दिसण्याआधी ठरवायचे, म्हणजे अंदाजाने खेळायचे. गंमत अशी की ताकद सर्वांत शेवटी जाते. अंदाज बरोबर आला की होमरन पूर्वीसारखाच जातो, प्रेक्षक पूर्वीसारखेच उभे राहतात, आणि उतरण कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. २०११ मध्ये पुहोल्सचे होमरन ३७ होते. एंजल्सनी बहुधा तेच पाहिले.

खेळाडूचे शिखर कोणत्या वयात येते, याचा पहिला गंभीर शोध एका रात्रपाळीच्या पहारेकऱ्याने लावला. मिसुरीला लागून असलेल्या कॅन्ससमध्ये, लॉरेन्स गावच्या घेवड्याचे डबे भरणाऱ्या कारखान्यात बिल जेम्स रखवालीला होता. रात्रीच्या निवांतपणात तो बेसबॉलचे जुने आकडे चाळत बसे. १९७७ पासून तो स्वखर्चाने आपली वार्षिक पुस्तिका काढू लागला. तोवर सगळे धरून चालत की खेळाडू २८ ते ३२ या वयात ऐन भरात असतो. जेम्सने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले की शिखर सरासरी २७ च्या आसपास येते आणि तिशीनंतर घसरण सुरू झालेली असते. आज हे सर्वमान्य आहे, तेव्हा ते पाखंड होते.

ह्या सरासरीतही एक फसवणूक दडलेली आहे, आणि ती विमागणित्यांच्या ओळखीची आहे. ३८ व्या वर्षी खेळणाऱ्यांचे आकडे पाहिले तर ते बरे दिसतात, कारण ज्यांचे आकडे बरे नव्हते ते ३८ पर्यंत टिकलेच नाहीत. सकाळी टेकडीवर फिरायला येणाऱ्या ऐंशीच्या आजोबांकडे पाहून ऐंशी वर्षे हे फिरण्याचे वय आहे असा निष्कर्ष काढण्यासारखे ते आहे. खरी घसरण कोष्टकात दिसते त्याहून तीव्र असते.

त्या डिसेंबरात मी कँटीनमधल्या कागदी रुमालावर एक हिशेब केला होता. तो इतका साधा आहे की इथे देता येईल. एखादा खेळाडू, सहज मिळणाऱ्या किमान पगाराच्या बदली खेळाडूपेक्षा, मोसमात किती सामने जास्त जिंकून देतो असे एक माप बेसबॉलमध्ये वापरतात. २०११ चा पुहोल्स त्या मापाने साधारण ५ सामन्यांचा होता. बाजारात अशा एका सामन्याची किंमत तेव्हा अंदाजे ५० लाख डॉलर होती. दरवर्षी तो अर्धा सामना गमावेल असे धरा, जे तेव्हा उदारच होते. ५, साडेचार, चार असे करत दहाव्या वर्षी अर्धा. बेरीज साडेसत्तावीस. सामन्याची किंमत दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढते असे धरले तरी दहा वर्षांचे मोल सुमारे १६ कोटी डॉलर होते. त्यातले जवळपास ११ कोटी पहिल्या पाच वर्षांतले आणि उरलेले ५ कोटी पुढच्या पाचांतले.

२४ कोटी कुठे आणि १६ कोटी कुठे! पण दुसरीकडेही पाहिले पाहिजे. वृत्तपत्रांत आलेल्या आकड्यांनुसार कार्डिनल्सनीही १० वर्षांचाच प्रस्ताव दिला होता, सुमारे २१ कोटींचा, त्यातली काही रक्कम बऱ्याच वर्षांनी द्यायची. म्हणजे ज्या संघाच्या दूरदृष्टीचे नंतर गोडवे गायले गेले, तो संघही पाच कोटी जास्त मोजायला तयार होता! पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २ कोटी २० लाख हा दर माझ्या हिशेबाने रास्त होता. चुकले ते ‘दहा’. दोन्ही संघ तीच चूक करत होते. लिलावात बोली जिंकतो तो बहुतेकदा वस्तूची किंमत सर्वांत जास्त चुकलेला असतो, आणि इथे ती बोली एंजल्सची निघाली, इतकेच.

सेंट लुइसच्या दृष्टीने ह्या चुकीचा भार जास्त पडला असता, याला नियमातला एक बारीक फरक कारण आहे. अमेरिकन लीगमध्ये, ज्यात एंजल्स खेळतात, १९७३ पासून चेंडू फेकणाऱ्याच्या जागी केवळ फलंदाजी करणारा एक खेळाडू ठेवता येतो. क्षेत्ररक्षण करायला पाय उरले नाहीत तरी अशा जागी मोठा फलंदाज टिकून राहतो. कार्डिनल्स नॅशनल लीगमध्ये, आणि तिथे ही सोय कायमची आली ती २०२२ मध्ये. सेंट लुइसमध्ये राहिला असता तर थकलेल्या पुहोल्सला रोज पहिल्या तळावर उभे करावे लागले असते, नाहीतर बाकावर बसवावे लागले असते.

ह्या गावाला असे निर्णय नवे नव्हते. १९२६ मध्ये कार्डिनल्सनी पहिली वर्ल्ड सीरिज जिंकली ती रॉजर्स हॉर्न्सबीच्या नेतृत्वाखाली. दोन महिन्यांत त्याला न्यू यॉर्कला देऊन बदल्यात फ्रँकी फ्रिश घेतला. हॉर्न्सबी एका वर्षापेक्षा लांबचा करार मागत होता आणि मालकाशी त्याचे पटत नव्हते. गाव खवळले. पण फ्रिशबरोबर संघाने १९३१ आणि १९३४ ची अजिंक्यपदे जिंकली. त्याच काळात संघाचा कारभार ब्रँच रिकीच्या हातात होता. खेळाडूला एक वर्ष उशिरा सोडण्यापेक्षा एक वर्ष आधी सोडावे, हे त्याच्या नावावर सांगितले जाणारे सूत्र. १९३८ मध्ये त्याने खांदा गेलेला डिझी डीन शिकागोच्या कब्सना तीन खेळाडू आणि १ लाख ८५ हजार डॉलर घेऊन विकला. १९३४ च्या एका मोसमात ३० सामने जिंकणाऱ्या डीनने त्यानंतर उभ्या कारकिर्दीत २० सामनेही जिंकले नाहीत.

एवढ्यावर थांबले तर रिकीचे सूत्र ब्रह्मवाक्य वाटेल. म्हणून म्यूझिअलची गोष्ट सांगायलाच हवी. १९५६ मध्ये फ्रँक लेन नावाच्या व्यवस्थापकाने ३५ वर्षांच्या म्यूझिअलला फिलाडेल्फियाला देऊन रॉबिन रॉबर्ट्स हा गोलंदाज घ्यायचा घाट घातला होता. मालक ऑगस्ट बुश, बिअरवाले, यांनी तो हाणून पाडला. पुढच्याच वर्षी म्यूझिअल .३५१ च्या सरासरीने लीगमध्ये पहिला आला. १९५९ मध्ये मात्र तो .२५५ वर घसरला, आणि मग एक असे घडले जे आज कुणी करणार नाही: त्याने आपणहून पगार १ लाखावरून ८० हजारांवर आणायला सांगितले. १९६२ मध्ये, ४१ व्या वर्षी, त्याची सरासरी .३३० होती. कोष्टक हजार माणसांचे बरोबर सांगते. एका माणसाचे सांगत नाही. मला म्यूझिअलच्या गोष्टीत सरासरीपेक्षा पगाराचा भाग महत्त्वाचा वाटतो. त्याचे करार एकेका वर्षाचे होते. म्हणून गावाचे प्रेम आणि संघाची तिजोरी यांची गाठ दरवर्षी नव्याने बांधता येत होती.

पण एकेका वर्षाच्या त्या जुन्या व्यवस्थेची दुसरी बाजू भयंकर होती. खेळाडूला दुसरीकडे जाण्याचा हक्कच नव्हता. करार संपला तरी तो त्याच संघाचा. संघ हवे तेव्हा त्याला विकू शके. ह्या व्यवस्थेला आव्हान दिले तेही सेंट लुइसच्याच एका खेळाडूने. १९६९ मध्ये १२ वर्षांच्या सेवेनंतर कर्ट फ्लडला फिलाडेल्फियाला देऊन टाकले, तेव्हा त्याने जायला नकार दिला आणि तो न्यायालयात गेला. आपण विकत घ्यायची-द्यायची वस्तू नाही, हे त्याचे म्हणणे होते. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो ५ विरुद्ध ३ मतांनी हरला आणि त्याची कारकीर्द संपली. तीन वर्षांनी, १९७५ च्या डिसेंबरात, दुसऱ्या दोन खेळाडूंच्या प्रकरणात लवादाने ती व्यवस्था मोडीत काढली. आज सहा मोसमांची सेवा झालेला खेळाडू मोकळा होतो.

त्या सहा मोसमांत काय होते, ते पुहोल्सच्या पगारात दिसते. २००१ मध्ये २ लाख डॉलर, २००२ मध्ये ६ लाख, २००३ मध्ये ९ लाख. ह्या तीन वर्षांत त्याने ११४ होमरन मारले. खुल्या बाजारात त्याला याच्या कितीतरी पट मिळाले असते. पुढे २००४ मध्ये ७ वर्षांचा १० कोटींचा करार झाला, तोही त्याच्या कामगिरीच्या मानाने स्वस्तच. बेसबॉलची व्यवस्थाच अशी की तरुणपणी कमी द्यायचे आणि उतारवयात जास्त. फक्त तरुणपण उपभोगणारा संघ आणि म्हातारपणाचे पैसे मोजणारा संघ एकच असेल असे नाही. कँटीनमधल्या ‘कृतघ्न’ गटाला मी हे सांगू पाहत होते. पुहोल्सने हाव केली असे म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर होते. त्याचे येणे सेंट लुइसकडे होते, त्याने ते अॅनाहाइममध्ये वसूल केले.

मग प्रत्यक्षात काय झाले? एंजल्समध्ये पहिल्या वर्षी .२८५ आणि ३० होमरन, म्हणजे ठीकठाक. दुसऱ्या वर्षी टाचेच्या दुखण्याने निम्म्याहून थोडे अधिकच सामने. त्यानंतर गुडघे, पाय, शस्त्रक्रिया. २०१७ चा मोसम समजावून सांगण्यासारखा आहे. त्या वर्षी पुहोल्सच्या फटक्यांवर १०१ धावा आल्या, आणि जुन्या चष्म्यातून पाहणाऱ्याला तो अजून मोठा फलंदाज वाटला. पण त्याच्या आधी खेळायला येणारा माइक ट्राउट सतत तळावर असे, म्हणून त्या धावा होत. पुहोल्सची स्वतःची सरासरी .२४१ होती, पळण्यात गती उरली नव्हती, आणि बदली खेळाडूशी तुलना केली तर त्याचे मोल उणे निघत होते. किमान पगाराचा अनोळखी मुलगा त्या जागी जास्त उपयोगी पडला असता, आणि त्या वर्षी पुहोल्सचा पगार होता २ कोटी ६० लाख. दहा वर्षांत, माझ्या रुमालावरच्या साडेसत्तावीस सामन्यांपैकी जेमतेम निम्मे त्याच्याकडून मिळाले. त्याच्या काळात एंजल्स बाद फेरीत एकदाच गेले, २०१४ मध्ये, आणि सलग तीन सामने हरून परतले. ट्राउटसारखा पिढीतला सर्वोत्तम खेळाडू हाताशी असताना हे व्हावे, हे मला त्या कराराचे सर्वांत मोठे नुकसान वाटते. संघाने ह्याच सुमारास दूरचित्रवाणीचा प्रचंड करार केला आणि पुहोल्सच्या नावाचा त्याला हातभार लागला असेल, हे मान्य. पण नाव पडद्यावर दिसते, मैदानात पाय लागतात.

सेंट लुइसमध्ये वाचलेल्या पैशांतून कार्लोस बेल्ट्रान दोन वर्षांसाठी २ कोटी ६० लाखांत आला. यष्टिरक्षकासारखी जागा सांभाळणाऱ्या यादिएर मोलिनाला मार्च २०१२ मध्ये ५ वर्षांचा करार मिळाला. पुहोल्स गेल्याची भरपाई म्हणून नियमाप्रमाणे नव्या भरतीत एंजल्सची पहिली निवड कार्डिनल्सना मिळाली, आणि तीतून मायकेल वाका आला. २०१३ मध्ये वर्ल्ड सीरिज गाठून देणाऱ्या मालिकेत तोच सर्वोत्तम ठरला. २०१२ ते २०१५ सलग चार वर्षे संघ बाद फेरीत होता. मैदानावर येणाऱ्यांचा आकडा दर मोसमाला ३० लाखांच्या वरच राहिला. पुहोल्सच्या ५ क्रमांकाचे जुने शर्ट अंगात घालून लोक येत होते.

दोन्ही संघ वेगळ्या लीगमधले, त्यामुळे पुहोल्सला सेंट लुइसच्या मैदानावर परत खेळायला २०१९ चा जून उजाडला. मी त्या सामन्यांपैकी शनिवारच्या सामन्याला गेले होते. तो बॅट घेऊन आला की सगळे उभे राहत आणि टाळ्या थांबतच नसत. त्याने त्या दिवशी होमरन मारला, आपल्याच संघाविरुद्ध. बुश स्टेडियम पुन्हा उभे राहिले आणि त्याला बाहेर येऊन टोपी उंचावेपर्यंत बसले नाही. माझ्या शेजारी ‘कृतघ्न’ गटातला एक सहकारी होता. त्याच्याही लक्षात आले असावे की आपण विरोधी संघाच्या धावेवर नाचतो आहोत. दोघेही काही बोललो नाही.

मे २०२१ मध्ये, करार संपायला पाच महिनेही उरले नसताना, एंजल्सनी त्याला संघातून काढले. उरलेला मोसम तो लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडून खेळला. २०२२ मध्ये, नॅशनल लीगमध्ये केवळ फलंदाजी करणाऱ्याची सोय आली त्याच वर्षी, कार्डिनल्सनी त्याला परत बोलावले. एक वर्ष, २५ लाख डॉलर. जुलैच्या मध्यापर्यंत त्याचे होमरन ६ होते आणि हे केवळ निरोपाचे कौतुक आहे असे आम्ही आपसांत म्हणत होतो. उरलेल्या अडीच महिन्यांत त्याने १८ मारले. २३ सप्टेंबरला लॉस एंजेलिसमध्ये एकाच सामन्यात ६९९ वा आणि ७०० वा. त्याच्याआधी हे फक्त बाँड्स, एरन आणि रूथ यांनाच जमले होते. शेवटचा आकडा ७०३.

ह्या २४ होमरनवरून कुणी म्हणेल की कोष्टक खोटे ठरले. मला तसे वाटत नाही. व्यवस्थापक ऑलिव्हर मार्मोल पुहोल्सपेक्षा सहा वर्षांनी लहान होता, आणि तो त्याला मुख्यतः डावखुऱ्या गोलंदाजांविरुद्ध, ज्यांचा चेंडू त्याला अधिक नीट दिसे, खेळवत होता. १६२ पैकी १०९ सामन्यांत तो खेळला. बाकीच्या दिवशी तो कठड्याला रेलून तरुण फलंदाजांशी बोलत असे. २५ लाखांच्या माणसाला बाकावर बसवता येते. ३ कोटींच्या माणसाला बसवायला एंजल्सना कित्येक वर्षे धीर झाला नव्हता. मी त्या मोसमात सहा-सात सामने पाहिले. त्यांतल्या दोन वेळा पुहोल्स खेळलाच नाही. आठव्या डावात लोक त्याच्या नावाचा पुकारा करत, मार्मोल जागचा हलत नसे, आणि पुकारा आपोआप विरून जाई.